कंबरदुखी आणि पुराव्यावर आधारित फिजिओथेरपीचं प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंबरदुखीचा रुग्ण नाही अशी फिजिओथेरपीची ओपीडी महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या घरात जाईल असा अंदाज आहे. इंटर्न, नुकतंच क्लिनिक टाकलेले आणि अनेक वर्षं प्रॅक्टिस केलेले सहकारी या विषयातल्या प्रशिक्षणाबद्दल जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांमध्ये माझी मतंही आहेत. ती जिथे आहेत तिथे ओळखू येतील.

आमचे रुग्ण बरे होतातच. मग वेगळं काय शिकायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात महत्त्वाचाही हाच आहे, म्हणून सुरुवात इथून.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावण्याची रीत आहे. पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं मानतात. आणि उतरतेही! दोन-चार दिवसांत माणूस हिंडायला लागतो. गावातल्या कुणालाही विचारा, अनुभवाचे दाखले ढिगाने मिळतील.

आता आकडे बघा. नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीच्या रुग्णांचा वर्षभर मागोवा घेणाऱ्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. शंभरपैकी सरासरी ५२ असलेली वेदना सहा आठवड्यांत २३ वर आली आणि वर्षाअखेर ६ वर. हे नैसर्गिक उताराचं गणित आहे. शिवाय माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, म्हणजे तिथून पुढे ते बहुतेक वेळा उतरणारच असतं. त्या काळात पायाळूने पाय लावला तर श्रेय पायाळूला, आपण दहा दिवस मशीन लावलं तर श्रेय मशीनला.

पायाळूला हसणं सोपं आहे. आपल्या आयएफटीला (इंटरफेरेन्शियल, सौम्य विजेच्या प्रवाहाचं मशीन) तोच प्रश्न विचारणं अवघड जातं. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर आपल्या हाताचा गुण किती आणि निसर्गाचा किती हे तीस वर्षांच्या अनुभवातूनही कळत नाही. प्रशिक्षणात सगळ्यात आधी हे पचवावं लागतं. तंत्रं नंतरची.

‘पुराव्यावर आधारित’ म्हणजे फक्त रिसर्च पेपरप्रमाणे वागायचं का?

नाही. १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत: उपलब्ध उत्तम संशोधन, उपचार करणाऱ्याचं कौशल्य आणि रुग्णाची पसंती व परिस्थिती. पहिल्या दोघांवरून भांडणं होतात, तिसरीकडे कुणाचं लक्ष नसतं. पहाटे साडेचारच्या लोकलने कामाला जाणाऱ्या बाईला रोज पाऊण तासाचा व्यायाम लिहून देणं पेपरमध्ये शोभतं. तिच्या दिवसात तो बसत नाही.

बीपीटीएचला (फिजिओथेरपीच्या पदवीला) हे शिकवत नाहीत का?

शिकवतात, पण तुकड्यातुकड्यांनी. रिसर्च मेथडॉलॉजी एका वर्षात, इलेक्ट्रोथेरपी वेगळ्या वर्षात, आणि दोघांची भेट कुणी घालून देत नाही. परीक्षेत शॉर्टवेव्हच्या (खोलवर उष्णता देणारं मशीन, चिठ्ठीवर ‘एसडब्ल्यूडी’) इलेक्ट्रोड प्लेसमेंटवर गुण असतात. ‘या रुग्णाला शॉर्टवेव्ह का लावायची नाही’ यावर क्वचितच. देशातलं फिजिओथेरपीचं औपचारिक शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएममध्ये सुरू झालं. त्या काळात यंत्रांना जे वजन होतं, ते अभ्यासक्रमाच्या हाडात अजून मुरलेलं आहे, असं माझं मत.

मग ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, आयएफटी, टेन्स सगळं बंद करायचं?

ट्रॅक्शन म्हणजे कंबर ताणणं, अल्ट्रासाउंड म्हणजे ध्वनिलहरींचं उपचाराचं मशीन, टेन्स म्हणजे आयएफटीसारखाच सौम्य विजेचा प्रवाह. कंबरदुखीपुरतं बोलायचं तर मार्गदर्शक सूचना बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि इंटरफेरेन्शियल देऊ नये असं सांगितलं. त्यात सायटिकाही (कमरेतून पायात उतरणारी कळ) धरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललेल्या, विशिष्ट कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यातही ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि कमरेचे पट्टे यांना नेहमीच्या उपचारात जागा दिलेली नाही. व्यायाम, नीट आखलेलं रुग्ण-शिक्षण, मसाज, स्पायनल मॅनिप्युलेशन (हातांनी मणका हलवणं) आणि वर्तनावर काम करणाऱ्या पद्धती यांच्या बाजूने शिफारस आहे.

सगळीकडे एकमत आहे असं मात्र नाही. ॲक्युपंक्चरला ‘नाइस’ने नकार दिला, जागतिक आरोग्य संघटनेने नीडलिंगला (ॲक्युपंक्चरसारख्या सुईच्या उपचारांना) होकार दिला. दोन चांगल्या समित्या जवळपास तोच पुरावा बघून वेगळ्या निष्कर्षाला येतात, कारण छोट्या फायद्याला किती मोल द्यायचं हा शेवटी निर्णयाचा भाग असतो. चांगल्या कोर्समध्ये यावर अर्धा तास तरी वाद व्हायला हवा.

शेकाबद्दल एक वेगळी गोष्ट. तीव्र, नव्या दुखण्यात वरवरच्या उष्णतेने थोडा आराम पडतो, असा बऱ्यापैकी पुरावा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या सूचनांमध्ये त्याचा समावेश आहे. म्हणजे आजीची गरम पाण्याची पिशवी या यादीत आपल्या महागड्या अल्ट्रासाउंड मशीनच्या वर बसते. आणि ती घरीच असते.

पण रुग्ण म्हणतात, ‘मशीन लावलं नाही तर पैसे कशाचे?’

खरी अडचण हीच आहे. पुराव्यापेक्षा गल्ल्याची. दहा सिटिंगचं पॅकेज मशीनवर उभं असतं. एका वेळी तीन क्युबिकलमध्ये तीन पेशंट मशीनवर ठेवता येतात, तसं तिघांशी एकाच वेळी नीट बोलता येत नाही.

मशीन एका दिवसात उचलून फेकणं कुणालाच जमत नाही. ज्यांना जमलं त्यांनी आधी पहिल्या भेटीचा वेळ वाढवला, ४० ते ४५ मिनिटं केला, आणि त्या भेटीची फी वेगळी ठेवली. तपासणी झाली, चार गोष्टी समजावल्या, दोन हालचाली करून घेतल्या आणि त्याच भेटीत रुग्णाने ‘अरे, वाकता येतंय की’ असं अनुभवलं, तर मशीनची आठवण फार जणांना येत नाही. काहींना येतेच. त्यांना सांगायचं, ‘काका, याने फार तर तेवढ्यापुरतं बरं वाटेल, कंबर सुधारायचं काम या व्यायामाचं आहे.’ खोटं बोलून लावण्यापेक्षा हे बरं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवरच ‘एसडब्ल्यूडी, ट्रॅक्शन, दहा दिवस’ लिहून पाठवलं तर?

फोन करा किंवा दोन ओळी लिहून पाठवा: तपासणीत काय दिसलं, काय करणार आहोत, किती दिवसांनी कळवू. वाद घालू नका आणि रुग्णासमोर तर डॉक्टरांना चुकीचं अजिबात ठरवू नका. दोघांच्या मधे सापडलेला रुग्ण तिसरीकडे जातो. बहुतेक ऑर्थोपेडिक डॉक्टरांचा ट्रॅक्शनवर जीव नसतो, हात सवयीने लिहितो. तीन-चार रुग्णांचे निकाल व्यवस्थित कळवले की चिठ्ठीवर नुसतं ‘फिजिओथेरपी’ यायला लागतं.

एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ असताना रुग्णाला ‘घाबरू नका’ कसं सांगायचं?

२०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी कंबर न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा घेतला. विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये मणक्यांमधल्या चकतीची (डिस्कची) झीज होती, ऐंशीच्या आसपास ९६ टक्क्यांमध्ये. बल्ज, म्हणजे चकती बाहेर फुगणं, विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. परत सांगतो, यांपैकी कुणाचीही कंबर दुखत नव्हती. वयाने केस पिकतात तशीच चकती बदलते.

हे आकडे पाठ असणं वेगळं आणि समोरच्या माणसाला पटवणं वेगळं. समजा, फुलं विकणाऱ्या मावशी आल्या आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत एमआरआयची फिल्म, सोबत मुलगा. म्हणतात, ‘मॅडम, मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय. डॉक्टर म्हणाले, वाकलात तर पाय जाईल.’ (डॉक्टर कदाचित वेगळंच बोलले असतील. मावशींनी हे ऐकलं, आपल्याला काम याच्यावर करायचंय.)

इथे लगेच आकडे फेकू नका. आधी विचारा, ‘पाय जाईल म्हणजे काय होईल असं वाटतं?’ मग पायांची ताकद, रिफ्लेक्स, संवेदना तपासा आणि तपासताना मोठ्याने सांगत जा: ‘अंगठा वर करा, दाबतेय मी, बघा किती ताकद आहे. टाचांवर चाला. छान. नस काम करतेय.’ मुलाला ऐकू जाऊ द्या, कारण घरी गेल्यावर ‘आई, वाकू नकोस’ तोच म्हणणार आहे. त्यानंतर फिल्म हातात घ्या आणि सांगा की या वयात न दुखणाऱ्यांच्या फोटोतही असंच दिसतं. फिल्म न बघता ‘त्यात काही नाही’ म्हणालात तर मावशींना वाटतं, साडेसहा हजार रुपये वाया गेले आणि यांना वाचताही येत नाही.

सरकलेली चकती कायमची तशीच राहते, हाही गैरसमज आहे. २०१५ च्या एका आढाव्यात, तुटून वेगळे झालेले चकतीचे तुकडे ९६ टक्के रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेशिवाय विरघळले किंवा लहान झाले. साध्या बल्जमध्ये हे प्रमाण १३ टक्के होतं. फिल्मवर जे जास्त भयंकर दिसतं तेच जास्त आक्रसतं, हे ऐकून डॉक्टरसुद्धा भुवया उंचावतात.

रुग्णाशी बोलण्याला एवढं महत्त्व का? शेवटी उपचार तर शरीरावरच आहे.

न्यूझीलंडमध्ये २०१३ साली बेन डार्लो यांच्या चमूने कंबरदुखीच्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. डॉक्टर-थेरपिस्टनी सहज टाकलेली वाक्यं लोकांनी वर्षानुवर्षं धरून ठेवली होती, आणि त्यांवरून वाकणं, उचलणं सोडलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९९७ पासून टीव्हीवर जाहिराती लावल्या गेल्या: कंबर दुखली तरी हालचाल चालू ठेवा, कामावर जा. लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या, कंबरदुखीचे नुकसानभरपाईचे दावे कमी झाले. एकाही माणसाला हात न लावता!

खाली बसू नका, वाकू नका, मांडी घालू नका, हे सांगायचं की नाही?

दुखणं ताजं आणि तीव्र असताना आठवडाभर त्रास देणारी हालचाल कमी करायला सांगणं ठीक. जन्मभराची बंदी घालायला आधार नाही. आणि ज्या रुग्णांना आपण ती घालतो त्यांचं जगणं बघा. भात लावणी वाकूनच होते. कोकणातली बाई अंगणात उकिडवी बसून मासे साफ करते. पंगतीला, कीर्तनाला, घरच्या पूजेला मांडी लागते. ‘खाली बसू नका’ म्हणणं म्हणजे त्यांना चारचौघांतून उठवणं.

प्रशिक्षणात इथे क्रमाक्रमाने भार वाढवणं शिकवतात. आधी खुर्चीवर बसून पुढे झुकणं, मग उभ्याने मांडीपर्यंत हात, मग पाटावर बसणं, मग जमिनीवर. श्वास रोखून, पाठ ताठ धरून वाकणाऱ्या माणसाला सैल सोडून वाकायला लावलं की त्याच क्षणी दुखणं कमी होताना पुष्कळदा दिसतं. ‘कंबर जपा’ या सल्ल्याचा ताठपणा पाठीत शिरलेला असतो.

नेमका कोणता व्यायाम? पिलाटेस, कोअर, योग की मॅकेन्झी?

दीर्घकालीन दुखण्यात व्यायाम उपयोगी आहे याबद्दल शंका उरलेली नाही. कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात २४९ चाचण्या आहेत आणि काहीच न करण्याच्या किंवा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत वेदना शंभरपैकी सुमारे १५ गुणांनी कमी होते. एक प्रकार दुसऱ्यावर भारी पडतो का, यावर तज्ज्ञ भांडत असतात. फरक असलाच तर छोटा. रुग्ण जो करेल तो चांगला.

चालण्याचा पुरावा मात्र खास सांगण्याजोगा आहे. कंबरदुखीतून बरे झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना वर्षभरात पुन्हा झटका येतो. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत अशा ७०१ लोकांना दोन गटांत वाटलं. एका गटाला फिजिओथेरपिस्टने सहा महिन्यांत सहा भेटींमध्ये चालण्याचा कार्यक्रम आखून दिला, सोबत थोडं शिक्षण. पुढचा झटका येईपर्यंतचा मध्यक काळ त्यांच्यात २०८ दिवस होता, दुसऱ्या गटात ११२. या कामाला लागतात चपला आणि रस्ता. आपल्याकडे रस्त्याचा प्रश्न आहे हे मान्य. पण सकाळी शाळेचं मैदान, मंदिराचं आवार, सोसायटीची गच्ची, काहीतरी सापडतं.

मॅकेन्झी, मुलिगन, मेटलँड, सीएफटी: कोणता कोर्स आधी करू?

मॅकेन्झीची सुरुवात अपघाताने झाली. १९५६, वेलिंग्टन. पायात उतरणारी कळ असलेला एक रुग्ण, जो पुढे ‘मिस्टर स्मिथ’ म्हणून ओळखला गेला, टेबलाची एक बाजू उचललेली असताना तसाच पालथा झोपला. रॉबिन मॅकेन्झी खोलीत आले तेव्हा तो त्या वाकड्या स्थितीत पडून म्हणत होता, पायातलं दुखणं गेलं. इथून दुखणं पायातून कमरेकडे सरकण्याच्या निरीक्षणावर एक पूर्ण तपासणी-पद्धत उभी राहिली. ती चार भागांत शिकवतात, नंतर परीक्षा असते, आणि भारतातही तिचे कोर्स होतात. तपासणीची शिस्त लावायला मला ही पद्धत आवडते. मुलिगन आणि मेटलँड या हातांनी सांधे हलवण्याच्या (मॅन्युअल थेरपीच्या) पद्धती हातांना कौशल्य देतात. पण मॅन्युअल थेरपी एकटी देऊ नये, व्यायामाच्या जोडीने द्यावी, असं ‘नाइस’ सांगते.

कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी, म्हणजे सीएफटी, ही दुखण्याबद्दलच्या समजुती आणि हालचाल दोन्हींवर काम करणारी पद्धत पर्थच्या पीटर ओ’सलिव्हन आणि सहकाऱ्यांची. २०२३ च्या रिस्टोर चाचणीत ४९२ दीर्घकालीन रुग्णांमध्ये तिचा फायदा वर्षभर टिकला, आणि तोही नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच मोठा. कंबरदुखीच्या चाचण्यांमध्ये असा निकाल विरळा. मात्र त्यातल्या थेरपिस्टना काही महिने शिकवलं होतं, खऱ्या रुग्णांसोबत देखरेखीखाली. दोन दिवसांची कार्यशाळा करून ‘आम्ही सीएफटी देतो’ अशी पाटी लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणजे शनिवार-रविवारच्या कार्यशाळा निरुपयोगी?

माहिती मिळते, सोमवारी ओपीडीत हात पुन्हा जुन्याच वळणावर जातात. कार्यशाळेनंतर कुणीतरी तुमचे रुग्ण बघून टोकणारं हवं. ते जमत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून महिन्यातून एकदा एकेका रुग्णाची चर्चा करा. रुग्णाच्या परवानगीने स्वतःच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकणं फार बोचतं आणि फार शिकवतं.

कोर्सची पारख कशी करायची?

जाहिरातीत ‘एका सिटिंगमध्ये स्लिप डिस्क गायब’ असेल तर पुढे वाचू नका. शिकवणाऱ्याला विचारा: तुमची पद्धत कोणत्या रुग्णात चालत नाही? याचं उत्तर नसेल तर पैसे वाचवा. प्रत्यक्ष रुग्ण तपासणी आहे का, मूल्यमापन आहे का, की जेवण आणि सर्टिफिकेट एवढंच, हेही बघा.

गंभीर आजार निसटू नये म्हणून काय शिकायचं?

रेड फ्लॅगची (गंभीर आजार सुचवणाऱ्या खुणांची) यादी पाठ करणं पुरत नाही. २०१३ च्या बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात बहुतेक एकेकट्या रेड फ्लॅगचा निदानासाठी फारसा उपयोग नसल्याचं दिसलं. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, जास्त वय, बराच काळ स्टेरॉइड, मोठी इजा, यांना वजन आहे.

भारतात यादीच्या वर क्षयरोग लिहा. हाडांच्या क्षयात मणका ही सगळ्यात जास्त आढळणारी जागा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री वाढणारं दुखणं, घरात कुणाला टीबी: हे विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करायचा नाही.

कॉडा इक्विनाचे (मणक्याच्या तळाचा नसांचा जुडगा दाबला जाण्याचे) प्रश्न लाजून गाळले जातात, म्हणून मराठीत सरळ विचारायची सवय करून घ्या. ‘लघवीला बसल्यावर लघवी होतेय हे जाणवतं का? अडकते का? धुताना त्या जागी बधिर वाटतं का? दोन्ही पायांत कळ येते का?’ शंका आली तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं. ‘उद्या बघू’ चालत नाही.

मानसिक ताणाबद्दल विचारलं तर रुग्ण चिडतात. ‘मी वेडा आहे का?’

ताणाचा प्रश्न पहिला विचारला की चिडतातच. आधी अंगाची नीट तपासणी, मग झोपेबद्दल विचारा. झोपेवरून सगळी गाडी आपोआप घराकडे, कर्जाकडे, नोकरीकडे वळते. कील विद्यापीठाची स्टार्ट बॅक ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली रुग्णांची जोखमीनुसार वर्गवारी करायला मदत करते. २०११ च्या ब्रिटिश चाचणीत त्यानुसार उपचार दिल्यावर फायदा दिसला, अमेरिकेतल्या प्रयत्नात तो दिसला नाही. तेव्हा ती बोलणं सुरू करायला वापरा, निकाल द्यायला नको.

प्रगती मोजायची कशी?

ऑस्वेस्ट्री इंडेक्स या, कंबरदुखीने रोजच्या कामांत किती अडथळा येतो हे मोजणाऱ्या, प्रश्नावलीची मराठी आवृत्ती तपासून २०१३ मध्ये ‘स्पाइन’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. ती वापरा. लैंगिक आयुष्याचा प्रश्न बरेच जण कोरा सोडतात. त्यावर अडून बसू नका. सोबत रुग्णाच्या शब्दांतली एक गोष्ट लिहून ठेवा: ‘नातवाला उचलणं’, ‘एसटीने कोल्हापूरला जाऊन येणं’.

ऑपरेशन टाळता येतं असं सांगायचं का?

हमी देऊ नका. नेदरलँड्समधल्या २००७ च्या चाचणीत तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांपैकी लवकर ऑपरेशन झालेल्यांची पायाची कळ लवकर गेली, पण वर्षाने दोन्ही गट सारखेच होते. थांबलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलंच. रुग्णाला दोन्ही बाजू सांगायच्या. घाई कुणाला आहे आणि कळ सोसायची तयारी किती, हे तो ठरवेल. ताकद कमी होत चालली असेल तर मात्र सर्जनकडे लगेच.

पट्टा?

नको. प्रवासापुरता कुणी हट्टच धरला तर धरू द्या.

पेपर वाचायची सवय नाही. कुठून सुरू करू?

पेड्रो. सिडनीत १९९९ मध्ये सुरू झालेला फिजिओथेरपीच्या संशोधनाचा हा माहितीसाठा फुकट आहे, आणि चाचण्यांना दर्जानुसार दहापैकी गुण दिलेले असतात. आठवड्याला एकच पेपर घ्या. त्यातला रुग्ण तुमच्या ओपीडीतल्यासारखा आहे का, तुलना कशाशी केली आणि फरक रुग्णाला जाणवण्याइतका मोठा होता का, एवढंच आधी बघा. ‘पी’ची किंमत (संख्याशास्त्राचा निकष) नंतर. शंभरात तीन गुणांचा फरक संख्याशास्त्रात कितीही चमकला तरी मावशींना तो कळणार नाही.

रुग्ण दोन भेटींनंतर यायचा बंद झाला तर?

फोन करून विचारा. बरा झाला म्हणून थांबला की दुसऱ्याकडे गेला, दोन्ही माहिती उपयोगाची. बरा झाला असेल तर पुन्हा कंबर धरल्यावर पहिले तीन दिवस काय करायचं ते फोनवरच सांगून टाका. ते सांगायला सातव्या सिटिंगची वाट बघायची गरज नाही.